दाराकडे बघणारं बदक

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी एका घरातला आरसा उतरवला. चांगला, पुरुषभर उंचीचा, कडा घासलेल्या, कुठे डाग नाही. आमच्याच दुकानातून गेलेला. लावलाही मीच होता, म्हणून मालकांनी मलाच पाठवलं.

बाई बँकेत आहेत. म्हणाल्या, "पलंगासमोर आरसा नको. नवरा-बायकोत तिसरं माणूस येतं." त्यांचे यजमान चहाचा कप घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "मला तर त्यात रोज मीच दिसतो. तिसरा म्हणजे मीच की काय?" बाई हसल्या नाहीत. मीही हसलो नाही. लोकांच्या झोपायच्या खोलीत काचवाल्याने हसायचं नसतं. नजर मापावर ठेवायची, बाकीकडे कानाडोळा.

आरसा निघाल्यावर भिंतीवर त्याच्या मापाचा चौकोन राहिला. आजूबाजूचा रंग मळलेला, तेवढाच कोरा. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "इथे फुलांचं चित्र लावणार. मोठी गुलाबी फुलं, दोन. फेंग शुईत सांगितलंय." बरं, म्हटलं. आरसा दुकानात आणून ठेवला.

घरी आलो तर आमच्या आतल्या खोलीत बदकं! पलंगाशेजारच्या टेबलावर, जोडीने, लाकडाची, रंगवलेली, मुठीएवढी. एकाची मान किंचित आखूड आहे. हिला विचारलं, "ही कुठून आली?"

"धाकटीने दिली." धाकटी म्हणजे हिची बहीण.

"कशासाठी?"

"असू देत. खायला मागत नाहीत."

खोली तशी हिचीच झाली आहे. मी बाहेर झोपतो, अण्णांच्या खाटेवर. अण्णा म्हणजे माझे वडील. ते अंथरुणाला खिळले तेव्हा रात्री त्यांना वळवायला, पाणी द्यायला कुणीतरी जवळ हवं होतं, म्हणून खाटेशेजारी जमिनीवर गादी टाकायला लागलो. अण्णा जाऊन वर्ष झालं. गादी गुंडाळून ठेवली आणि खाटेवर आलो. आत गेलो नाही. हिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला पहाटे देवासमोर बसायचं असतं, उगाच हिची झोपमोड नको. असं माझ्या मनाने धरलेलं आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

धाकटी येऊन गेली. हातात मोबाइल, त्यात होकायंत्र. सगळं घर फिरली. शेवटी न्हाणीघराच्या दारात थांबून कपाळावर हात मारला.

"भाऊजी, तुमच्या घराची नैऋत्य कुठे आली, बघा. न्हाणीघरात! प्रेमाचा कोपरा, आणि त्यात तुमची बादली."

ही आतून म्हणाली, "तरीच म्हटलं, एवढं पाणी रोज जातं कुठे."

दोघी बहिणी कितीतरी वेळ हसत होत्या. हिचं हसणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. वर्तमानपत्र वाचत होतो, पण ऐकलं.

मग घराची नैऋत्य सोडून खोलीची नैऋत्य धरायचं ठरलं. तिथे एक गुलाबी स्फटिक, दोन मेणबत्त्या आणि लाल कागदावर चिनी अक्षर. त्याचा अर्थ म्हणे दुहेरी सुख. ही म्हणाली, "आधी एकेरी तरी येऊ दे."

एकटं काही ठेवायचं नाही, हा धाकटीचा मुख्य नियम. उशा दोन, दिवे दोन, पक्षी दोन, तेही समोरासमोर, दाराकडे तोंड नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकटी होडी होती, ते उतरवलं. कोपऱ्यातली एकटी खुर्ची बाहेर काढली. खुर्ची घेऊन बाहेरच्या खोलीत आली, खाटेवरची माझी उशी पाहिली. तोंड उघडलं होतं तिने. हिने लगेच म्हटलं, "चहा गार होतोय."

ती गेल्यावर खुर्ची खाटेजवळच राहिली. बरी आहे. चष्मा ठेवायला होते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

माझं कपाट आत आहे. सकाळी शर्ट घ्यायला गेलो तर एक बदक दाराकडे तोंड करून होतं. सरळ केलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आजही दाराकडे. पुसताना हिचा हात लागत असणार. सरळ केलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. तिला सातवा लागला. ही कपड्यांच्या घड्या करत होती, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवला होता. मी देवासमोर होतो. माळ हातात, लक्ष फोनकडे — तेव्हा ते बसणं काही खरं नव्हे.

"आई, तू ये. आणि बाळंतपण करून परत पळू नकोस. राहाच इथे. यांच्या ऑफिसने मोठं घर दिलंय, तुला वेगळी खोली होईल."

"आणि तुझे बाबा?"

"बाबांना काय! त्यांचं एकट्याचं छान चाललंय. देव, दुकान आणि खाट."

पोरगी गमतीने बोलली. तिच्यात खोट नाही. ही म्हणाली, "बघते."

नाही म्हणाली नाही. बघते म्हणाली.

हे रोज लिहायची सवय गावच्या शाळेत गुरुजींनी लावली. ते म्हणायचे, दिवसभरात जे पाहिलं ते लिहा, जे वाटलं ते दुसऱ्या दिवशी लिहा, तोवर वाटणं खरं की खोटं ते कळतं. म्हणून आज एवढंच.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल वाटलं ते आज लिहितो. गेलं वर्षभर मला असं वाटत होतं की माझी ओढ सुटत चालली आहे. कशाचं फार वाटत नाही. चांगलं जेवण झालं तरी ठीक, साधं झालं तरी ठीक. याला मी देवाची कृपा समजत होतो. काल मुलगी "एकट्याचं" म्हणाली आणि छातीत काहीतरी टोचलं. ओढ सुटलेल्या माणसाला टोचायला नको होतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हिने परवा सांगितलं होतं, पलंगाच्या दोन्ही बाजूंच्या टेबलांना काच हवी आहे. दुसरं टेबल कुठलं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आणलंय. दोन्ही काचा सारख्या हव्यात. उन्नीस-बीस चालायचं नाही."

दुकानात दुपारी निवांत होतो. पाच एमएमची काच घेतली. कोपरे गोल केले, कडा हाताने घासल्या. मालक म्हणाले, "घरचं काम दिसतंय. गिऱ्हाइकाला एवढी कड घासून देत नाहीस कधी." मग विचारलं, कशासाठी. बदकांचं सांगितलं. म्हणाले, "आमच्याकडे बदकं लागत नाहीत. आम्ही जोडीने भांडतो, तेवढं पुरतं."

दुसरी काच घासताना मनात आलं, हिच्यावर ठेवणार काय? हिच्या बाजूच्या टेबलावर बदकं आहेत, दिवा आहे, हिच्या गोळ्या आहेत. दुसऱ्या बाजूला कोण काय ठेवणार?

संध्याकाळी बसवल्या. चपखल बसल्या, कागद जाणार नाही. पलंगावर नवी चादर आहे, लालसर. दुकानातल्या घड्या अजून जशाच्या तशा, कुठे सुरकुती नाही. हिची टापटीप पहिल्यापासूनच मोठी. दुसऱ्या टेबलावर दिवा लावलेला, त्याचं बटण चालतं का पाहिलं. चालतं. ही म्हणाली, "उजेड वाचायला पुरेल?"

"कोणाला?"

"दिव्याला." आणि स्वयंपाकघरात गेली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बदक रोज दाराकडे फिरतं. रोज सरळ करावं लागतं. तिरकं काही राहिलं की माझ्या डोळ्यांना बरं वाटत नाही, धंद्याने लावलेली खोड. एखाद दिवशी हात लागून पडायचं आणि नवी काच फुटायची. म्हणून आज दुकानातून सिलिकॉनची नळी आणली, दोन्ही बदकांच्या पोटाला एक-एक थेंब लावला आणि समोरासमोर तोंडं करून पक्की बसवली. आता वादळ आलं तरी हलायची नाहीत.

हिला दाखवलं. तिने आखूड मानेच्या बदकाला बोट लावून पाहिलं.

"चिकटवलीत?"

"हो. पडायला नकोत."

"बरं केलंत," म्हणाली. पण बरं केल्यासारखं वाटलं नाही मला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज शब्दाला शब्द लागला. आमच्यात होत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

जेवताना ही म्हणाली, "अण्णांचा फोटो बाहेरच्या खोलीत लावू या का? झोपायच्या खोलीत थोरामोठ्यांचा फोटो असू नये, असं म्हणतात."

"कोण म्हणतं? धाकटी?"

"धाकटी म्हणते. आता मीही म्हणते."

मला ते जिव्हारी लागलं. म्हटलं, "बदकं आत आणि अण्णा बाहेर. छान आहे."

हिने ताट बाजूला केलं. आवाज चढवला नाही. ती कधीच चढवत नाही. म्हणाली, "फोटो आला त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? बाहेर मी झोपतो, डोक्यावर नको वाटतं. तुम्हाला डोक्यावर नको होता, म्हणून माझ्या डोक्यावर लावलात. मी वर्षभर काही बोलले का?"

 अण्णांना शेवटपर्यंत घास हिनेच भरवला. माझ्या हाताने ते खायचे नाहीत, तोंड मिटून घ्यायचे. हिचा हात पुढे आला की उघडायचे. मी फक्त रात्रीचा होतो. दिवस सगळा हिचा होता.

उठलो, हात धुतले, खाटेवर येऊन बसलो. देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. फक्त ओठ हलले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

हिने डबा वेळेवर दिला. डब्यात लोणचं होतं, म्हणजे अगदीच रागावलेली नाही.

२ मार्च, सोमवार

बँकेतल्या बाईंचं फुलांचं चित्र आलं. काच लावून, चौकट करून घेऊन गेलो. आरसा होता त्याच जागी टांगायचं होतं.

त्यांची झोपायची खोली आता ओळखू येत नाही. आमच्याकडे आहे ते सगळं आणि वर आणखी. बदकं क्रिस्टलची. गुलाबी स्फटिक हृदयाच्या आकाराचे, दोन. पडद्याला जोडीने लाल गोंडे. चित्रात दोन मोठी फुलं, एकमेकांवर रेललेली. बाई मागे सरकून बघत होत्या. "बरोबर मध्ये आलंय ना? सरळ आहे ना?" सरळ होतं. मी लावलेलं तिरकं नसतं.

पाणी मागितलं. बाई म्हणाल्या, बाहेरच्या खोलीत बसा, देते. बसायला गेलो तर सोफ्याच्या एका टोकाला पांघरूण ठेवलेलं. तीन घड्या, कडा आत, वर उशी, उशीवर एक चादर आडवी टाकलेली. पाहुण्याला वाटावं, नुसतं सोफ्यावरचं काही आहे.

मी ती घडी ओळखली. रोज सकाळी मी तीच घालतो. कुणी आलंच तर लगेच दिसू नये आणि रात्री पटकन उघडता यावी. एक-दोन दिवस बाहेर झोपणारा माणूस अशी घडी घालत नाही. तो पांघरूण तसंच टाकून जातो.

बाई पाणी घेऊन आल्या. माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "हे फार घोरतात हो. म्हणून."

"असतं काहीजणांना," म्हटलं. शेजाऱ्यांना मी पहाटेच्या पूजेचं कारण सांगतो. त्यांनी घोरण्याचं सांगितलं.

जिना उतरताना त्या कोऱ्या चौकोनाची आठवण झाली. त्या बाईंना तो कशाने तरी झाकायचा होता. चित्र टांगून पैसे घेऊन आलो. चित्र अगदी मध्ये बसलं आहे.

३ मार्च, मंगळवार

कालचं आज लिहितो.

बदकांना मी पोरखेळ समजत होतो. पण मीही सकाळी देवापुढे फूल ठेवतो. देवाला फुलाची गरज आहे म्हणून ठेवत नाही. जे तोंडाने मागता येत नाही, ते फुलाच्या हाती देतो. हिने फूल ठेवलं नाही, बदक ठेवलं. ते देवासाठी नव्हतं, चीनसाठीही नव्हतं. त्या खोलीत रोज सकाळी शर्ट घ्यायला एकच माणूस जातो.

मी जाऊन त्याला सिलिकॉन लावलं.

५ मार्च, गुरुवार

हिने माळ्यावरून मोठी बॅग काढायला सांगितली. काढून दिली, पुसून दिली. बॅग आतल्या खोलीत, भिंतीशी उभी आहे. किती दिवसांसाठी, असं विचारायला गेलो आणि विचारलं, "चेन नीट लागते ना?"

"लागते," म्हणाली.

७ मार्च, शनिवार

संध्याकाळी ही भाजी निवडत होती. समोर बसलो. मीही चार शेंगा सोलल्या. मग विचारलं, "ते बदक दाराकडे तोंड करून तू ठेवायचीस?"

"मग काय उंदीर ठेवायचे?"

"पुसताना हात लागतो, असं मला वाटलं."

"रोज? त्याच बदकाला?"

मी पुढची शेंग घेतली. म्हटलं, "दाराकडे तोंड असू नये, असं धाकटीच म्हणाली होती ना? प्रेम बाहेर जातं म्हणे."

"जायचं होतं ते कधीच बाहेर गेलंय," म्हणाली. "ते परत आत वळून बघतं का, एवढंच बघायला बदक तिकडे फिरवून ठेवलं होतं." पुढची शेंग सोलत म्हणाली, "तुम्ही रोज येऊन त्याची मान फिरवायचात. मला एवढंच समाधान होतं की हललेलं कळतंय तरी तुम्हाला. मग तेही चिकटवून टाकलंत."

तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा. माझ्या हातातल्या शेंगेचे दाणे खाली सांडले. दोघांनी मिळून वेचले. एक दाणा शेगडीखाली गेला, तो राहू दिला.

विचारलं, "बॅग कधी भरणार?"

"बघते," म्हणाली. मुलीला म्हणाली होती तसंच.

८ मार्च, रविवार

अण्णांचा फोटो उतरवला. हात पुरेना, पलंगावर चढावं लागलं. गादी अजून नव्यासारखी ताठ आहे. उतरलो तेव्हा चादरीवर माझ्या पायाच्या सुरकुत्या पडल्या होत्या, बाकी सगळी चादर सपाट. हात फिरवून सारखी केली.

काच काढून धुतली. मागच्या पुठ्ठ्याला बुरशी आली होती, तो बदलला. बाहेरच्या खोलीत खाटेच्या समोरच्या भिंतीवर लावला. तिथून खिडकी दिसते. अण्णा पडल्या पडल्या त्याच खिडकीतून बाहेरचं झाड बघायचे, कावळे मोजायचे, चुकले की परत पहिल्यापासून मोजायचे. तिथे त्यांना बरं वाटेल. हे मला वर्षभरापूर्वी सुचायला हवं होतं.

रात्री त्यांच्याच खाटेवर झोपायचं आणि समोर ते. डोक्यावर नको म्हणत होतो, आता समोर आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही. काहीसं "अजून इथेच का रे?" असं आहे. किंवा मला तसं दिसतं. फोटो तोच आहे.

ही पदराला हात पुसत आली. फोटोकडे पाहिलं. "सरळ आहे," म्हणाली. माझ्या कामाला तिने सरळ म्हणायची गरज नसते. तरी म्हणाली.

१० मार्च, मंगळवार

उशी उचलून आत जायचं, एवढंच आहे. वीस पावलंही नाहीत. पण आत जायला काहीतरी निमित्त लागतं. बाहेर यायला अण्णांचं आजारपण होतं. परत जायला काय सांगू? पन्नाशीला आलेला माणूस हातात उशी घेऊन दारात उभा राहिला तर काय म्हणणार?

देवाला विचारलं. त्याने काही सांगितलं नाही. पहाटेच्या पूजेचं निमित्त मात्र त्याच्यासमोर टिकेना. पहाटे उठायला कुठूनही उठता येतं.

१२ मार्च, गुरुवार

खालच्या मजल्यावरचा शिंपी भेटला. त्याची आई घसरून पडली, मांडीचं हाड गेलं. डॉक्टर म्हणतात, जमिनीवर झोपवायचं नाही, उंच खाट हवी. तो बाजारात चौकशी करत होता. अण्णांच्या खाटेला उंचीसाठी मीच ठोकळे लावले होते. म्हातारीला अगदी बरोबर होईल.

 जिना चढून वर आलो. खाटेवर बसलो. मग परत खाली गेलो आणि म्हटलं, रविवारी घेऊन जा.

"आणि तुम्ही?" म्हणाला.

"आत पलंग आहे."

हे वाक्य मी वर्षभरात पहिल्यांदा बोललो. बोललो ते शिंप्याशी!

१४ मार्च, शनिवार

ब्लेडने सिलिकॉन कापलं. सावकाश कापलं, काचेवर चरा नाही. आखूड मानेचं बदक माझ्या हाताने दाराकडे केलं.

१५ मार्च, रविवार

सकाळी खाट शिंप्याकडे गेली. दोघांनी मिळून जिन्यातून उतरवली. म्हातारी तिच्यावर बसून म्हणाली, "उंची बेतशीर आहे." वर आलो तर खोली केवढी मोठी झाली होती. अण्णा समोर, मध्ये काही नाही. हिने तिथे झाडून घेतलं. दुपारी मुलीला फोनवर सांगताना ऐकलं, "बाळंतपणाला येते. राहायला नाही. नाही गं, भांडण कसलं."

दिवेलागणीला उशी आणि पांघरूण घेऊन आत गेलो. ही पलंगाजवळ उभी होती. म्हटलं, "खाट गेली."

"दिसतंय."

दुसऱ्या टेबलावर चष्मा ठेवला. काचेवर आवाज झाला. तिने माझ्या हातातलं पांघरूण पाहिलं, त्याची घडी पाहिली. मग कपाटाच्या मागे वाकली आणि एक पातळ गादी ओढून काढली. तीन घड्या, कडा आत, वर उशी.

"आता ही माळ्यावर टाका," म्हणाली.

"तू खाली झोपायचीस? कधीपासून?"

"तुम्ही बाहेर गेलात तेव्हापासून. एवढ्या मोठ्या पलंगावर एकटीने काय करायचं?"

गादी माळ्यावर टाकली.